सलाईनची बाटली आणि हृदयाचा कौल : द्रवोपचाराच्या इतिहासातील एक प्रश्न

वर्धा जिल्ह्यातील सेलू तालुक्यात, बोर जंगलाच्या वाटेवरील हिंगणीसारख्या गावात रुग्ण गळून गेला की ‘सलाईन लावा’ ही पहिली मागणी होते. बाटली लागली म्हणजे उपचार सुरू झाला, असा सार्वत्रिक समज आहे. या समजाला इतिहासाचा आधार आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. १८३२ मध्ये स्कॉटलंडमधील लीथ येथे डॉ. थॉमस लाटा यांनी पटकीच्या मरणासन्न रुग्णांच्या शिरेत क्षारयुक्त पाणी सोडले व त्यांपैकी काही वाचले. विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी रक्ताचे विशिष्ट गुरुत्व मोजून सलाईनचे प्रमाण ठरविण्यास प्रारंभ केला. द्रव किती गेला, एवढाच त्या काळचा प्रश्न होता. दिलेला द्रव हृदय पुढे ढकलू शकेल काय, हा प्रश्न पटकीत सहसा उद्भवत नाही.

महाराष्ट्रात तो उद्भवला विंचूदंशामुळे. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने रुग्णाला दरदरून घाम सुटतो, उलट्या होतात, म्हणजे शरीरातील पाणी घटते. परंतु त्याच वेळी आकुंचित रक्तवाहिन्यांशी झुंजणारे हृदय थकते आणि फुफ्फुसात पाणी साचते. अशा रुग्णाला शिरेतून भरपूर सलाईन देणे घातक ठरू शकते. महाड परिसरात सेवा करणारे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी या रुग्णांचे बारकाईने निरीक्षण करून १९८० च्या दशकात प्राझोसिन या रक्तवाहिन्या सैलावणाऱ्या औषधाचा उपयोग ‘लॅन्सेट’मधून जगापुढे मांडला. ग्रामीण रुग्णालयात, तुटपुंज्या साधनांनिशी झालेले हे कार्य आहे.

शहरी अतिदक्षता विभागांत मात्र दीर्घकाळ मध्यवर्ती शिरेतील दाबावर विसंबून सलाईन दिले जात असे. २००८ मध्ये पॉल मॅरिक व सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन हा दाब द्रवाला मिळणारा प्रतिसाद सांगू शकत नाही, असा निष्कर्ष काढला. अत्यवस्थ रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांचेच हृदय द्रव मिळाल्यावर अधिक रक्त पुढे ढकलते. उरलेल्यांच्या वाट्याला केवळ सूज येते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, युगांडा, केनिया व टांझानियातील तीन हजारांहून अधिक तापग्रस्त बालकांवरील चाचणीत तर वेगाने द्रव दिलेल्या गटातच मृत्यू अधिक झाले. ती रुग्णालये आपल्या ग्रामीण रुग्णालयांहून फारशी निराळी नव्हती.

कृत्रिम श्वासावरील रुग्णात नाडीदाबाचा श्वासागणिक होणारा चढउतार पाहण्याची पद्धत २००० च्या सुमारास रुजली. परंतु रुग्ण स्वतः श्वास घेत असल्यास वा नाडी अनियमित असल्यास ती निरुपयोगी ठरते. त्याहून सोपी युक्ती पाय उचलण्याची. अर्धवट बसलेल्या रुग्णाचे धड आडवे करून पाय ४५ अंशांत उचलले की पायांतील व पोटातील सुमारे ३०० मिलिलिटर रक्त हृदयाकडे येते. बाटली न फोडता घेतलेली ही चाचणीच होय, आणि पाय खाली ठेवताच ती मागे घेता येते.

मात्र तिची एक अट नेहमी विसरली जाते. केवळ रक्तदाब पाहून भागत नाही. पहिल्या मिनिटाभरातच हृदयाचे रक्तोत्सर्जन सुमारे दहा टक्के वाढले काय, हे इकोसारख्या साधनाने पाहावे लागते. पोटातील दाब वाढलेला असल्यास निष्कर्ष फसतो. हिंगणीचा रुग्ण सेवाग्रामच्या, १९६९ साली स्थापन झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पोहोचतो तेव्हा ते साधन हाताशी असते. परंतु पहिल्या दोन बाटल्या बहुधा वाटेतच संपलेल्या असतात.