सुईण, सोयर आणि सव्वा महिना

महाराष्ट्रातील जुन्या घरांत बाळंतपणासाठी राखलेली खोली बहुधा आडोशाची आणि काळोखी असे, आणि बाळंतिणीला वारा बाधतो या समजुतीमुळे तिच्या फटी चिंध्यांनी बुजवून, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून ओवा-वावडिंगाची धुरी दिली जाई. जन्मामुळे कुटुंबाला लागणारे अशौच म्हणजे सोयर. ते दहा दिवस पाळले जाई, बाराव्या दिवशी बारसे होई आणि बाळंतीण सव्वा महिना घरकामापासून दूर राही. विटाळाच्या भाषेत सांगितलेले हे दिवस गर्भाशयाच्या स्वतःच्या कालक्रमाशी बरेच जुळतात.

एरवी सुमारे 60 ग्रॅम वजनाचे असलेले हे स्नायूंचे पोकळ इंद्रिय नवव्या महिन्याच्या अखेरीस सुमारे 1 किलोचे होते. मूल बाहेर आल्यावर गर्भाला पोसणारी वार सुटून पडते, तेव्हा तिच्या जागी उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्यांना आवळण्याचे काम गर्भाशयाचे एकमेकांत गुंतलेले स्नायुतंतू करतात. ते आवळले नाहीत, तर काही मिनिटांत स्त्रीच्या जिवावर बेतते. त्यानंतर नाभीच्या आसपास लागणारा गर्भाशयाचा गोळा रोज साधारण एक बोट खाली उतरतो आणि दहा ते चौदा दिवसांत ओटीपोटाच्या हाडाआड जाऊन हाताला लागेनासा होतो. आधी लाल असलेला स्रावही दहाव्या दिवसाच्या सुमारास पांढुरका होऊ लागतो. गर्भाशय पूर्ववत व्हायला सहा आठवडे लागतात. सुश्रुतसंहितेत सूतिकेने, म्हणजे बाळंत झालेल्या स्त्रीने, दीड महिना पथ्य पाळावे असे सांगितले असून, पुन्हा विटाळ दिसेपर्यंत ती सूतिकाच, असे एक मतही तेथे नोंदवले आहे. ही सांगड शरीररचना जाणून घातली गेली, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पण पिढ्यान्‌पिढ्या जे डोळ्यांना दिसले आणि हाताला लागले, त्यावरूनच दिवस ठरले असावेत, असे मानायला भरपूर जागा आहे.

हे हाताला लागणारे ज्ञान सुईणीचे होते. वार पडल्यावर ती बाळंतिणीच्या बेंबीखाली तळवा ठेवून पोट चोळत राही आणि आतला मऊ गोळा कवठासारखा टणक झाला की हात काढी; आजच्या प्रसूतिगृहातही गर्भाशय सैल राहून रक्त जाऊ लागले, तर पोटावरून असेच चोळले जाते. वार अडली तर बाळंतिणीच्या वेणीचा शेंडा तिच्याच घशाशी नेऊन उमासा आणण्याची रीत होती, कारण उमाशाने पोटावर ताण येतो. मूल अंगावर पिऊ लागले की पोटात पुन्हा कळा येतात, हेही सुईणी जाणून होत्या. स्तनपानाने स्रवणारे ऑक्सिटोसिन हे संप्रेरक गर्भाशयाला आकुंचित करते, हा त्यामागचा कार्यकारणभाव मात्र विसाव्या शतकात उलगडला. अनेक गावांत हे काम मांग समाजातील स्त्रियांकडे होते, आणि ज्या हातांनी घरातले मूल जगात आणले, त्याच हातांचा स्पर्श एरवी त्या घराला चालत नसे. या अन्यायाची नोंद केल्याशिवाय सुईणीचा इतिहास पुरा होत नाही.

त्याच खोलीत मरणही वावरत असे. न धुतलेल्या हातांतून जंतू वार सुटलेल्या जागी पोचले की सूतिकाज्वर, म्हणजे बाळंतिणीचा प्राणघातक ताप, येई. आणि नाळ विळ्याने कापून तिला राख किंवा शेण लावले, तर बाळाला धनुर्वात होई. नवजात बाळाचा धनुर्वात बहुधा तिसऱ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान दिसतो. पाचवीला पाटा-वरवंटा पुजून आणि सटवाईने कपाळी नशीब लिहावे म्हणून सहाव्या रात्री जागून बायका ज्या दिवसांना भीत, ते दिवस खरोखरच भिण्याजोगे होते.

मासिक पाळीलाही हाच विटाळाचा नियम लागू झाला. गर्भ न राहिल्यामुळे गर्भाशयाचे आतले अस्तर गळून पडणे, एवढाच पाळीचा अर्थ असताना स्त्रीला चार दिवस ‘बाजूला’ बसवले गेले. तिला त्यातून थोडी विश्रांती मिळाली, असे समर्थन अनेकदा केले जाते. परंतु स्वतःच्या घरात अस्पृश्य होऊन मिळालेल्या विश्रांतीची किंमत फार मोठी होती, आणि पुष्कळ घरांत त्या दिवसांतही बाहेरची कष्टाची कामे तिच्याच वाट्याला येत.

बाळंतपणाची ही जुनी प्रथा आणि आधुनिक वैद्यक यांची गाठ आनंदीबाई जोशी यांच्या आयुष्यात पडली. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या 1886 मध्ये पदवीधर झाल्या, आणि तेथे प्रबंधासाठी त्यांनी निवडलेला विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. मुंबईत स्त्रिया व मुलांसाठीचे कामा रुग्णालय सुरू झाले तेही त्याच वर्षी. प्रबंध लिहिताना आनंदीबाई एकवीस वर्षांच्याही नव्हत्या, परंतु बाळंतिणीची खोली त्यांनी केवळ ग्रंथांतून जाणलेली नव्हती. चौदाव्या वर्षी त्या स्वतः बाळंत झाल्या होत्या आणि त्यांचे मूल दहा दिवस जगले होते.