राखेपासून रबिंगपर्यंत : गाडीच्या चकाकीचा इतिहास

मागच्या वेळी आपण मुदत कर्जाचा हिशोब पाहिला होता. आजचा विषय ऐकून काहीजणी हसतील. आज बोलायचंय गाडीच्या चकाकीबद्दल. गाडीचा रंग आरशासारखा कसा होतो, त्यावर गोल गोल ओरखडे का दिसतात, आणि ही विद्या आली कुठून.

हा विषय माझ्याकडे चालून आला. मी ज्या गटांचं काम बघते त्यातल्या एका गटातल्या तिघींनी गेल्या वर्षी कल्याण-मुरबाड रस्त्याला गाड्या धुण्याची जागा सुरू केली. गटातून अंतर्गत कर्ज घेतलं, पाण्याची मोटर बसवली, पाटी लावली. लग्नसराईत एक काळी कोरी गाडी आली. नवरदेवाची गाडी म्हणून आमच्या ताईंनी जीव ओतून पुसली. जुन्या सुती साडीचं मऊ फडकं, साबणाचं पाणी, वरून कोरडा हात. सावलीत गाडी झकास दिसत होती. उन्हात काढली आणि मालक ओरडलाच. बॉनेटवर कोळ्याचं जाळं विणल्यासारखे गोल गोल ओरखडे! पैसे मिळाले नाहीतच, वर रबिंग-पॉलिशचे दोन हजार भरून द्यावे लागले. गटाच्या बैठकीत एक काकी म्हणाल्या, "हे काम बायांचं नव्हेच. बंद करा."

त्या वाक्यानं मला झोप येईना. पुसणं, घासणं, सारवणं, घोटणं हे बायांचं काम नाही, तर मग कोणाचं? म्हणून मी वाचायला लागले, गॅरेजवाल्यांना विचारायला लागले. त्यातून जे हाती लागलं ते आज सांगते.

सुरुवात आपल्या मोरीपासून करू. पितळेचं भांडं आपल्या आज्या चिंच आणि राखेनं घासत. चिंचेच्या आंबटपणानं डाग सुटायचा आणि राखेनं भांडं घासलं जायचं. पण देवाची उपकरणी असली की आजी चुलीतली राख तशीच घेत नसे. ती फडक्यातून गाळून घेई, वस्त्रगाळ. कारण राखेत एक जरी खडा राहिला तरी समईवर रेघ उठणार. म्हणजे मोठ्या कणानं मोठा ओरखडा आणि बारीक कणानं बारीक, हे आजीला ठाऊक होतं. जगातलं सगळं पॉलिश या एका गोष्टीवर उभं आहे. आधी जाड कणानं घासायचं, मग बारीक, मग त्याहून बारीक. शेवटी ओरखडे इतके सूक्ष्म होतात की डोळ्याला दिसत नाहीत, आणि त्यालाच आपण चकाकी म्हणतो. चकाकी वरून लावायची नसते. ओरखडे काढले की ती आपोआप उरते.

म्हशाच्या जत्रेत बैल न्यायच्या आधी त्यांची शिंगं साळतात आणि मग तेल चोळतात. जुन्या वाड्यांच्या चुन्याच्या भिंती गुळगुळीत दगडानं घोटून घोटून आरशासारख्या करत. शिंग असो, भिंत असो, रीत तीच.

आता रंगावरच्या तकाकीकडे येऊ. इथे आपल्या जंगलाचा मोठा मान आहे. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर एक बारीकसा किडा बसतो. तो अंगातून राळेसारखा चिकट पदार्थ सोडतो. तीच लाख. महाभारतातलं लाक्षागृह त्याच लाखेचं. आजही झारखंड-छत्तीसगडात आणि आपल्या गोंदिया-गडचिरोलीकडे लाखेचं पीक घेतात. लाखेच्या बांगड्या आपण भरतोच. सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि गंजिफाचे पत्ते लाखेच्याच कामासाठी प्रसिद्ध आहेत. कर्नाटकातल्या चन्नपट्टणला फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबतात. घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून लाकडावर बसते, मग त्यावर केवड्याच्या जातीचं पान दाबून चकाकी आणतात. तिथे पानच पॉलिश करतं.

ही लाख जहाजातून पार युरोपात गेली. इंग्रजीत चकचकीत रोगणाला 'लॅकर' म्हणतात, तो शब्द आपल्या 'लाख'वरून पोर्तुगीजांच्या तोंडून तिकडे गेला. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून सुतार कपाटाला लावत, ते स्पिरिट पॉलिश. आणि तुम्ही मला आज रेडिओवर ऐकताय म्हणून सांगते, विनाइल येईपर्यंत ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्याही लाखेच्याच असत. बालगंधर्वांचा आवाज घरोघर पोचला तो एका किड्याच्या कृपेनं! लाखेवर संशोधन करायला १९२४ साली रांचीजवळ नामकुमला संस्था निघाली, ती आजही आहे.

त्याच सुमाराला तिकडे अमेरिकेत गाडीच्या रंगाचं जग पालटत होतं. त्याआधी मोटारगाडी रंगवायची म्हणजे घोड्याच्या बग्गीची रीत. राळ आणि जवसाचं तेल यांचं रोगण ब्रशनं लावायचं. एक थर वाळायला दिवस लागायचे. वाळला की झामा दगडाच्या पुडीनं पाणी लावून घासायचा, मग दुसरा थर, पुन्हा घासणं. असे कितीतरी थर. एक गाडी तयार व्हायला आठवडेच्या आठवडे जात. गाड्या धडाधड बनायला लागल्या, पण रंगापाशी अडून बसायच्या. हेन्री फोर्डनं यावर उपाय काढला. लवकर वाळणारं काळं रोगण लावून गाडी भट्टीत भाजायची. म्हणून १९१४ ते १९२५ पर्यंत त्याची मॉडेल टी गाडी फक्त काळ्या रंगात मिळे.

मग आला कापूस. हो, आपला कापूसच. कापसावर तीव्र आम्लाची प्रक्रिया केली की स्फोटक तयार होतं. पहिल्या महायुद्धात हे स्फोटक प्रचंड प्रमाणात बनलं. युद्ध संपल्यावर ड्यूपाँ या दारूगोळा बनवणाऱ्या कंपनीनं त्याच विद्येतून गाडीचा रंग काढला, ड्यूको. १९२३ साली तो जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांना लागला. फवाऱ्यानं मारायचा, काही तासांत कोरडा. आठवड्यांचं काम दिवसांवर आलं. आपल्याकडे आजही जुने पेंटर फवाऱ्याच्या रंगाला 'ड्यूको' म्हणतात, ते या नावावरून.

पण या रंगात एक खोट होती. वाळला की तो मंद दिसे. चमक हवी तर हातानं घासून काढावी लागे, आणि काही महिन्यांनी पुन्हा घासावं लागे. गाडीचं 'रबिंग' हा वेगळा धंदा असा वाढला. त्याला लागणारं सामानही तेव्हाचंच. १९२१ साली थ्री एम कंपनीनं पाण्यात भिजवून वापरायचा पॉलिश पेपर काढला. आपल्या गॅरेजात त्याला पाण्याचा पेपर म्हणतात. तो निघाला त्यामागे कामगारांचा जीव होता. कोरड्या पेपरनं रंग घासला की धूळ उडायची, आणि तेव्हाच्या रंगात शिसं असायचं. ती धूळ नाकातोंडात जाऊन माणसं आजारी पडत. ओला पेपर आला, धूळ पाण्यात बसली. आपल्या देशात घराच्या रंगातल्या शिशावर कडक मर्यादा लागू झाली ती २०१७ साली. म्हणून जुना रंग घासायचा असेल तर ओला घासायचा, तोंडाला रुमाल नको तर चांगला मास्क हवा, आणि पोरंबाळं जवळ नकोत. हे लिहून ठेवा.

आता मुंबईत या. १८९८ च्या सुमाराला मुंबईत पहिल्या मोटारी धावल्या. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याला कारखाना चालवला. तिथे फियाट बनू लागली. सत्तरच्या दशकात तिचंच नाव प्रीमियर पद्मिनी झालं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे तीच. त्या काळी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. त्यामुळे गाडी आली की ती घरातल्या माणसासारखी जपत. रोज सकाळी एक बादली पाणी, एक फडकं, आणि गाडी पुसणारा. आपल्या मुरबाड-शहापूरच्या किती घरांतली माणसं मुंबईत हेच काम करत होती, तुमच्याच आळीत विचारा. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली.

पद्मिनीच्या काळात एक बादली आणि एक फडकं चालून गेलं. मग आमच्या ताईंचं का नाही चाललं? याचं उत्तर रंगाच्या पुढच्या बदलात आहे. १९८० च्या दशकात जगभर नवी रीत रूढ झाली. खाली रंगाचा पातळ थर आणि वर काचेसारखा पारदर्शक थर. त्याला क्लिअर कोट म्हणतात. आज आपल्या रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांवर तो आहे. जुन्या रंगावर फडकं फिरवलं की फडक्याला रंग लागायचा, वरचा थर झिजून नवा निघायचा. आता रंग झिजत नाही, वरची काच ओरखडते. आणि तो थर किती जाड? एका मिलिमीटरचे वीस भाग करा, त्यातला साधारण एक. डोक्याच्या केसाहून बारीक. ऊन अडवणारं औषधही याच थरात असतं.

गोल ओरखडे म्हणजे काय तेही ऐका. खरं तर ते गोल नसतातच. ओरखडे आडवे, उभे, तिरपे असे सगळीकडे असतात. पण उन्हाचं प्रतिबिंब जिथे पडतं त्याच्या भोवती जे ओरखडे फेर धरल्यासारखे येतात, तेवढेच चमकून डोळ्यात भरतात. बाकीचे दिसत नाहीत. म्हणून जाळं गोल दिसतं. खात्री करायची तर तारेच्या घासणीनं घासलेलं स्टीलचं ताट उन्हात धरा. ताट हलवलं की फेरही हलेल. आमच्या ताईंनी सावलीत पाहिलं, म्हणून त्यांना ते दिसलं नाही.

कल्याणच्या एका जुन्या पेंटरकाकांनी मला खूण सांगितली. फडकं ओरखडत नाही, फडक्यातली माती ओरखडते. आपल्याकडे उन्हाळ्यात रस्त्याची धूळ, वीटभट्टीची राख, पावसाळ्यात चिखल. कोरड्या गाडीवर फडकं फिरवणं म्हणजे न गाळलेल्या राखेनं समई घासणं.

म्हणून क्रम असा. गाडी सावलीत, पत्रा गार झाल्यावरच धुवायची. आधी नुसत्या पाण्याच्या जोरानं माती सोडवायची. बादल्या दोन. एकीत गाडीचा साबण, दुसरीत साधं पाणी. फडकं आधी साध्या पाण्यात पिळायचं, मगच साबणात बुडवायचं. भांड्याची पावडर कधीच नाही. छतापासून खाली यायचं, चाकांजवळचा भाग शेवटी आणि त्याचं फडकं वेगळं. हात गोल फिरवायचा नाही, सरळ न्यायचा. मायक्रोफायबरचं फडकं जमिनीवर पडलं तर ते धुतल्याशिवाय पुन्हा गाडीला लावायचं नाही. ओरखडे काढायचे असतील तर आधी वीतभर जागेवर बारीक पॉलिश करून बघायचं. त्यानं भागलं तर जाड कंपाउंडला हात लावायचा नाही. मशीन एका जागी दाबून धरायचं नाही, रंग तापून जळतो. शेवटी मेण. ब्राझीलच्या कार्नोबा नावाच्या ताडाच्या पानावरचं मेण यासाठी जगभर नावाजलेलं आहे. मेण ओरखडा काढत नाही, थोडे दिवस झाकतं आणि पाणी झटकतं.

आणि गिऱ्हाइकाला खरं सांगायचं. प्रत्येक पॉलिश त्या केसाहून बारीक थरातलं थोडं खाऊन जातं. दर महिन्याला पॉलिश करून घ्या असं सांगणारा गाडीचं आयुष्य कमी करतो. नीट धुतली तर पॉलिश क्वचितच लागतं. खोल ओरखडा, ज्यात नख अडकतं, तो पॉलिशनं जात नाही. तो जाईल असं कबूल करायचं नाही.

तुम्ही विचाराल, त्या तिघींचं काय झालं? जागा बंद झाली नाही. गटानं कर्जाचे दोन हप्ते पुढे ढकलले. तिघींनी एका भंगारवाल्याकडून बॉनेटचा जुना काळा पत्रा आणला आणि महिनाभर त्यावर हात बसवला. आता गाडी आली की आधी ती मालकाबरोबर उन्हात बघतात, आहेत ते ओरखडे मोबाइलवर फोटो काढून ठेवतात, मगच पाणी सोडतात. पैसे अजून फार सुटत नाहीत, पण हप्ता चुकत नाही. बंद करा म्हणणाऱ्या काकींनी परवा आपल्या नातवाची मोटारसायकल तिथेच धुवायला पाठवली.

घरात तेच हात दिवसभर घासतात तेव्हा त्याला काम म्हणत नाहीत. दुकानात पाटी लावून घासलं की त्याला कारागिरी म्हणतात आणि त्याचे पैसे मिळतात. आजीची वस्त्रगाळ राख ही कारागिरीच होती, फक्त तिची पाटी कोणी लावली नाही. तुमच्या गटात असं कोणतं काम आहे ज्याची पाटी लागायची राहिली आहे? येत्या बैठकीत त्यावर बोला आणि इतिवृत्तात लिहा. पुढच्या महिन्यात मी गटागटात फिरेन तेव्हा ते वाचेन.