‘क्रॉस गेला’ या निदानाविरुद्ध

जुन्या बजाज चेतक स्कूटरचा गिअर सटकायला लागला की आकुर्डीपासून भोसरीपर्यंतच्या बहुतेक गॅरेजांत एकच निदान कानावर पडतं: “क्रॉस गेला. इंजिन खोलावं लागेल.” गिऱ्हाईक मान डोलावतं, कारण स्कूटर वीस-पंचवीस वर्षांची आहे आणि जुनी वस्तू झिजणारच, हे कुणालाही पटतं. चार दिवसांनी त्याच्या हातात गोल झालेल्या कडांचा एक पोलादी तुकडा पुरावा म्हणून ठेवला जातो. वाद तिथेच संपतो. माझ्या मते तो तिथून सुरू व्हायला हवा.

आधी त्या निदानाची बाजू नीट मांडली पाहिजे, कारण ते पोकळ नाही. चेतक १९७२ साली आली ती व्हेस्पा स्प्रिंटच्या बांधणीवर, आणि तिचा गिअरबॉक्स त्याच घराण्याचा आहे. चार गिअरची चाकं एका पोकळ दांड्यावर सुटी फिरत असतात. दांड्याच्या खाचांमधून चार बाहूंचा एक तुकडा आडवा सरकतो. ज्या चाकाच्या खोबणीत त्याचे बाहू शिरतील ते चाक दांड्याला जखडलं जातं, आणि तोच आपला लागलेला गिअर. हा तुकडा म्हणजे क्रॉस. इंजिनचा सगळा जोर त्याच्या चार लहानशा कडांवरून मागच्या चाकाकडे जातो. त्या कडा गोल झाल्या की भार पडताच बाहू खोबणीबाहेर ढकलले जातात आणि गिअर सटकतो. क्रॉस झिजतो, झिजला की गिअर सटकतो, हे दोन्ही खरं. मिस्त्री खोटं बोलत नाही.

चूक आहे ती उलट्या प्रवासात. क्रॉस झिजला की गिअर सटकतो, म्हणून गिअर सटकला की क्रॉसच झिजला असणार, असं मानलं जातं. न्यायशास्त्रात अशा हेतूला सव्यभिचार म्हणतात: जो हेतू, म्हणजे पुरावा म्हणून धरलेली खूण, साध्य, म्हणजे सिद्ध करायची गोष्ट, असते तिथेही सापडतो आणि नसते तिथेही सापडतो. मुठीपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी केबल ढिली असेल तरी गिअर सटकतो. हँडलमधल्या कप्पीपाशी तारेचे पदर तुटले असतील, बाहेरचं आवरण आतून कापलं गेलं असेल, तरी सटकतो. क्लच पूर्ण सुटत नसेल तर गिअर अर्धवट बसतो आणि मग सटकतो. एका लक्षणाला इतकी कारणं असताना सर्वांत खोल दडलेलं, सर्वांत खर्चाचं कारण आधी धरायचं, हे अनुमान टिकत नाही.

ते रूढ का झालं, याचं उत्तर या पट्ट्याच्या इतिहासात आहे. २००२ साली चेतक फोर-स्ट्रोक झाली. २००७ साली बजाजच्या आकुर्डीच्या कारखान्यातलं वाहन-उत्पादन थांबलं आणि २००९ साली बजाजने पेट्रोल स्कूटर बनवणंच सोडून देण्याचं जाहीर केलं. डाव्या मुठीत गिअर असलेल्या गाडीवर हात बसलेले मिस्त्री गेले, आणि पुढची पिढी मोटरसायकलवर तयार झाली. मोटरसायकलला गिअरची केबल नसते. पायाचा खटका आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये फार तर एक आखूड लोखंडी दांडी असते. तिथे गिअर सटकला तर दोष बहुतेक वेळा आतच सापडतो, आणि ‘इंजिन खोला’ हा सल्ला बरोबर ठरतो. तोच सल्ला चेतकला लावला की चुकतो, कारण चेतकमध्ये हात आणि क्रॉस यांच्यामध्ये दोन लांब तारा आहेत. आता चेतक नावाची विजेची स्कूटर २०२० पासून पुन्हा रस्त्यावर आहे, पण तिला गिअरच नाहीत. म्हणजे केबल लावण्याची विद्या शिकण्याची संधी आणखी कमी झाली.

त्या दोन तारांकडे नीट पाहू, कारण सगळा वाद त्यांच्यात अडकला आहे. तार ओढू शकते, ढकलू शकत नाही. म्हणून दोन लागतात: एक क्रॉसला वरच्या गिअरकडे ओढते, दुसरी खालच्या. एक ताणलेली आणि दुसरी सैल असेल तर गाडी दुसऱ्या-तिसऱ्यात सुखाने जाते, पण पहिल्यात परतताना क्रॉस पुरता सरकत नाही. बाहू खोबणीत अर्ध्याच रुंदीने बसतात. चालवणाऱ्याला मुठीवरचा आकडा बरोबर दिसतो, म्हणून तो क्लच सोडतो, आणि पूर्ण कडेवर पडायचा भार अर्ध्या कडेवर पडतो. असं महिनोन्‌महिने चाललं तर पोलाद कितीही चांगलं असो, ती कड गोल होणारच.

प्रतिपक्षाचा सर्वांत भक्कम पुरावा इथेच त्याच्याविरुद्ध जातो. मिस्त्रीने हातावर ठेवलेला झिजलेला क्रॉस खरा असतो, पण तो कारण आहे की परिणाम, हे त्या तुकड्याकडे नुसतं पाहून ठरत नाही. केबल तशीच ठेवून नवा क्रॉस बसवला तर तोही त्याच अर्ध्या पकडीत काम करणार आणि त्याच वाटेने जाणार. एकाच स्कूटरमध्ये दोन-दोनदा क्रॉस बदललेले मी पाहिले आहेत. दोन्ही वेळा नव्या भागाला ‘डुप्लिकेट माल’ म्हणून दोष दिला गेला. केबलला कुणी हात लावला नव्हता.

पंपाच्या जुन्या बंदुकांच्या बाबतीत असाच घोळ अमेरिकेत फार वर्षं चालत आला आहे. अशा बंदुकीत नळीखालची लाकडी मूठ मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि पुढे ढकलली की नवं आत जातं. जॉन ब्राउनिंगची विंचेस्टर १८९७ ही त्यातली प्रसिद्ध. तिच्यात काडतूस अडकलं की लोक एक्स्ट्रॅक्टर आणि स्प्रिंगा बदलायला घेतात. पण या जातीच्या सुरुवातीच्या बंदुकांची चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, आजच्या ७० मिलिमीटरच्या काडतुसापेक्षा आखूड होती. उडाल्यावर उघडलेलं लांब काडतूस बाहेर पडताना अडतं, आणि बार होताना नळीतला दाबही वाढतो. म्हणजे बिघाड गैरसोयीचाच नाही, धोक्याचाही आहे, आणि स्प्रिंग बदलून तो तसूभरही कमी होत नाही. दुसरं नेहमीचं कारण म्हणजे हात: मूठ शेवटपर्यंत मागे न ओढता अर्ध्यावरून पुढे ढकलली की अडकणारच. तिथेही यंत्राची चाल अपुरी पडते आणि दोष झिजेच्या माथी मारला जातो.

मग तपासायचं कसं? बाहेरून आत. पहिली खूण हँडलवरच छापलेली आहे. मूठ शून्यावर असताना गाडी खरोखर न्यूट्रल आहे का? शून्य एकीकडे आणि न्यूट्रल दुसरीकडे असेल, तर केबलची मांडणी बिघडली आहे. त्यासाठी काहीच खोलावं लागत नाही. मग क्लच: दांडी दाबूनही गाडी पुढे ओढत असेल तर प्लेटा सुटत नाहीत, आणि जोर चालू असताना क्रॉस सरकायला तयार होत नाही. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या स्कूटरमध्ये प्लेटा एकमेकींना चिकटलेल्या सापडतात. ही दोन्ही कारणं बाजूला झाल्यावर खरी कसोटी. स्कूटर स्टँडवर घेऊन इंजिन बंद ठेवायचं, इंजिनच्या आवरणावरच्या गिअर सिलेक्टरच्या पेटीचं झाकण काढायचं, दोन्ही तारा सोडायच्या आणि मागचं चाक हाताने फिरवत सिलेक्टर बोटाने हलवायचा. चाक फिरवणं महत्त्वाचं, कारण खोबण्या समोर आल्याशिवाय बाहू आत शिरत नाहीत. चारही गिअर आणि न्यूट्रल खटकन, स्वच्छ लागले तर वाट अडवणारं काही आत नाही. न्यायाच्या भाषेत हा व्यतिरेक आहे: केबल काढून घेतली आणि दोषही गेला, तर दोष केबलचा.

या चाचणीची मर्यादाही सांगितली पाहिजे. गोल झालेल्या कडा हाताने हलवताना कळत नाहीत, त्या भारावरच कळतात. म्हणून केबल नीट लावून झाल्यावर गाडी चढावर नेऊन पाहायची. सटकणं थांबलं तर वाद मिटला. नाहीच थांबलं, एकच गिअर, बहुधा दुसरा, दरवेळी जोर देतानाच सुटत असेल आणि सुटताना डाव्या मुठीत झटका बसत असेल, तर क्रॉस आतून ढकलला जातो आहे. अशा वेळी इंजिन खोला, माझा काही आक्षेप नाही. पण त्याआधी नाही. खोललेल्या इंजिनात गॅस्केट बदलतात, सर्क्लिप बदलतात, बेअरिंगांवर ठोके पडतात, आणि गिअरच्या चाकांमधली फट पुन्हा मोजून शिमने जुळवल्याशिवाय इंजिन बंद केलं तर जुन्या दोषाच्या जागी नवा येऊन बसतो.

मला खरी हळहळ वाटते ती चाकण आणि भोसरीतल्या माणसांसाठी. इथल्या सुट्या भागांच्या कारखान्यांत लाइनवरून एक भाग परत आला की ‘व्हाय-व्हाय’ लिहावं लागतं. तायची ओनोंनी टोयोटात रुजवलेली ती पाच वेळा ‘का’ विचारण्याची रीत इथल्या ऑपरेटरला पाठ असते. ‘भाग झिजला’ हे उत्तर त्याच्या क्वालिटी इंजिनिअरकडे पहिल्याच ओळीत नाकारलं जाईल. का झिजला, हा दुसरा प्रश्न तिथे ठरलेला. तोच माणूस संध्याकाळी वडिलांची चेतक घेऊन गॅरेजात उभा राहतो तेव्हा मात्र दुसरा प्रश्न विचारत नाही. विचारावा. त्यासाठी लागणारं ज्ञान त्याच्याकडे कोणत्याही गॅरेजपेक्षा जास्त आहे.

आणि क्रॉस बदलावाच लागला, तर जुना मागून घ्यावा आणि उजेडात धरून पाहावा. कड पूर्ण रुंदीवर सारखी गोल झाली असेल तर तो वयाने गेला. रुंदीच्या एकाच अंगाला गोल आणि उरलेल्या भागात अजून धारदार असेल, तर बाहू अर्धेच बसत होते. असा तुकडा हातात आला की नवा क्रॉस घातलेल्या गाडीची किक मारण्याआधी दोन्ही तारा सोडून घ्याव्यात, मूठ शून्यावर, सिलेक्टर न्यूट्रलवर, आणि मगच नट आवळावेत.