कपाळ नसलेली माणसं

फ्रान्सिस न्यूटन सूझा यांच्या चित्रांवर बोलणं निघालं की एक निदान हमखास ऐकू येतं: या चित्रकाराला माणसाचा तिटकारा होता. पुरावे हाताशी असतातच. १९२४ साली गोव्यातल्या साळगावात जन्म, तान्हेपणीच वडील गेले, बहीण गेली, स्वतःला देवी आल्या. पुढे शाळेतून काढलं, १९४५मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधूनही काढलं. लंडन गाठण्यापूर्वी मुंबईतल्या प्रदर्शनातून चित्रं अश्लील म्हणून उतरवली गेली. इतकं सोसलेला माणूस माणसांची तोंडं वाकडीच काढणार, असा हा न्याय. अभ्यासक तोच जरा जड शब्दांत मांडतात: अभिव्यक्तिवादी चित्रकार मनातली खदखद आकृतीवर ओततो आणि तिच्या भारानं आकृती मोडते.

मला हे मान्य नाही. या उत्तरानं एकदा समाधान झालं की चित्राकडे पाहायचं कारणच उरत नाही, ही माझी पहिली तक्रार. दुसरी तक्रार अशी की चित्रं पाहिली तर हे उत्तर टिकत नाही.

खदखद ओतायची असती तर मोडतोड हाती लागेल तिथे झाली असती. सूझांनी १९५०च्या दशकात काढलेलं एखादं पुरुषाचं डोकं जवळून पाहावं. डोळे पार वर, केसांच्या रेषेला टेकलेले. तिथून नळीसारखं नाक खाली येतं. तोंडात कंगव्यासारखे दात, गालांवर आडव्यातिडव्या रेघांची जाळी. आणि या सगळ्याखाली कॉलर आणि टाय, नीटनेटके. एकदा मी छापील चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवून बाकी सगळं तसंच गिरवलं, फक्त डोळे शरीरशास्त्रात सांगतात तिथे, डोक्याच्या मध्यावर आणले. दात तेच, रेघा त्याच, पण समोर एक साधा थकलेला गृहस्थ आला. दरारा गेला. तेव्हा लक्षात आलं की डोळे वर सरकवून सूझांनी त्या माणसाचं कपाळच काढून घेतलं होतं. आपण ज्या कपाळाला आठ्या घालतो, ज्यावर नशीब लिहिलेलं असतं म्हणतो, जे देवापुढे टेकतो, ते त्याला नाहीच. उरले पाहणारे डोळे आणि चावणारे दात. ही हिशोबानं केलेली एकच शस्त्रक्रिया आहे. आणि ती कुणावर केली, हेही त्यांनी दडवलेलं नाही. १९५५मधल्या अशा सहा डोक्यांना त्यांनी नाव दिलं ‘सिक्स जंटलमेन ऑफ अवर टाइम्स’. आपल्या काळातले सभ्य गृहस्थ. हा एका वर्गावरचा आरोप आहे. तो अख्ख्या मनुष्यजातीच्या खाती घालता येत नाही.

बरं, आरोपावरही ते थांबत नाहीत. त्याच वर्षीच्या ‘मिस्टर सेबॅस्टियन’मध्ये कोट घातलेल्या माणसाच्या तोंडामानेत बाण रुतलेले आहेत. सेबॅस्टियन हा बाणांनी विंधलेला ख्रिस्ती संत. त्याच्या जखमा सूझांनी या शहरी गृहस्थाला दिल्या. ज्याचा तिटकारा आहे त्याला कुणी संताच्या जखमा देत नाही.

पुन्हा त्याच वर्षीचं ‘बर्थ’ पाहा. आठ फूट लांब, चार फूट उंच फळ्यावर आडवी झालेली गर्भवती. जाड काळी रेघ पोटावरून अखंड फिरते, मांड्यांवरून वळते. ही रेघ दगडातल्या यक्षीच्या ओळखीची आहे. १९४८ साली दिल्लीत प्राचीन भारतीय शिल्पांचं जे मोठं प्रदर्शन भरलं, ते सूझांनी चित्रकार हुसेन यांच्याबरोबर पाहिलं होतं. एकाच वर्षात, त्याच हातानं, कुठे काटे आणि कुठे गोलाई हे ठरवून निवडणारा माणूस रागानं आंधळा झालेला नसतो. (सूझांच्या सगळ्याच नग्नचित्रांची वकिली मी करणार नाही. काहींत बाईचं शरीर नुसतं ओरबाडलेलं वाटतं, आणि त्यांचा बचाव मला जमत नाही.)

‘हे सगळं पिकासोचं’ हा आक्षेप लवकर मिटतो. पिकासो चेहरा फोडून त्याच्या अनेक बाजू एकाच वेळी दाखवतो. सूझांचा चेहरा बहुधा समोरूनच पाहतो, जुन्या चर्चमधल्या भिंतीवरच्या संतासारखा.

खरं मूळ तिथेच आहे, गोव्याच्या चर्चमध्ये. देवीतून मूल वाचावं म्हणून आईनं सेंट फ्रान्सिस झेवियरला नवस बोलला होता; त्यांच्या नावातला फ्रान्सिस त्या नवसाचा. चर्चची बालपणी बसलेली छाप त्यांनी ‘वर्ड्स अँड लाइन्स’ (१९५९) या पुस्तकात स्वतः लिहून ठेवली आहे. गोव्यातल्या क्रूसावरच्या लाकडी येशूचे गुडघे सोललेले असतात, बरगड्या मोजता येतात, रक्त रंगवलेलं असतं. भाविक त्यापुढेच गुडघे टेकतात. टेट संग्रहालयातलं सूझांचं १९५९चं ‘क्रूसिफिक्शन’ हीच मूर्ती पुढे नेतं. डोक्यावरच्या मुकुटाचे काटे त्यात जणू अंगभर फुटले आहेत, येशू काळा आहे. युरोपनं शतकानुशतकं हे शरीर देखणं केलं. सूझांनी त्याला त्याचं दुखणं परत दिलं. ज्यांना यात विटंबना दिसते त्यांनी वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात जावं. सप्तमातृकांच्या शेजारी काळ आणि काली हाडांचे सापळे होऊन उभे आहेत. पोट खपाटीला, बरगड्या वर आलेल्या. त्यांच्या शिल्पकाराला माणसाचा तिटकारा होता असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.

१९६६ साली लंडनच्या ग्रोव्हनर गॅलरीत त्यांनी काळ्यावर काळ्यानं रंगवलेली चित्रं मांडली. अशा चित्रासमोर सरळ उभं राहिलं तर काळा फळा दिसतो. दोन पावलं बाजूला व्हावं, मान थोडी वाकवावी. मग जाड रंगाच्या कडेवर उजेड सरकतो आणि आधी एक डोळा, मग नाक, मग सगळा चेहरा वर येतो. आणखी एक पाऊल टाकलं की तो पुन्हा काळ्यात जातो, आणि आपण त्याला शोधत मागे येतो.