आंधळ्याची काठी

एकुलत्या एका मुलाविषयी बोलताना आमच्याकडील म्हातारी माणसे सहज म्हणून जातात, 'तो आमची आंधळ्याची काठी.' शब्द मायेचे आहेत. परंतु त्यांत एक समजूत दडलेली आहे. अंधाची काठी म्हणजे दुसरा कोणी माणूस, ही ती समजूत. नांदेड-लातूरच्या खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या तसेच घडत आले. अंध मुलाला ओसरीवर बसवावे, हातात भाकरी द्यावी, की घरच्यांना कर्तव्य पार पडले असे वाटे. ती काठी त्याच्या स्वतःच्या हाती कशी आली, हा इतिहास आम्ही वाचकांपुढे थोडक्यात ठेवीत आहोत.

त्याचा आरंभ फ्रान्समधील एका खोगीर करणाऱ्याच्या घरी झाला. लुई ब्रेल (१८०९-१८५२) तीन वर्षांचा असताना वडिलांच्या दुकानातील हत्यार डोळ्यात गेले आणि पुढे दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. पॅरिसच्या अंधशाळेत शिकत असताना, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याने सहा उठावदार ठिपक्यांची लिपी सिद्ध केली. हा ब्रेल श्रद्धावान कॅथलिक होता आणि पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत असे. अंधांसाठी टिकून राहिलेली लिपी एका अंधानेच दिली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

भारतातील पहिली अंधशाळा १८८७ साली मिस ॲनी शार्प यांनी अमृतसरला काढली. पुढे १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ पडला. मुंबई इलाखा होरपळला, तसा निजामाचा मुलूखही होरपळला. अनाथ झालेल्या मुलांत काही अंध होती. अमेरिकन मराठी मिशनच्या मिस ॲना मिलार्ड यांनी १९०० साली मुंबईत अशा मुलांची शाळा सुरू केली. तीच आजची दादरची कमला मेहता अंध शाळा. या दोघी मिशनरी प्रॉटेस्टंट पंथाच्या. त्यांचे ऋण आपणही मोकळ्या मनाने मान्य करावयास हवे. पुढे १९०२ साली मुंबईत व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा आणि १९३४ साली पुण्याची अंधशाळा निघाली.

मराठवाड्यास मात्र मुंबई-पुणे दूर होते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या सत्तेखाली. डोळस मुलांनाच शाळा दुर्मीळ, तेथे अंधांची काय कथा? लातूरहून मुंबई सुमारे ५०० किलोमीटर, नांदेडहून त्याहूनही लांब. न दिसणारे लेकरू एवढ्या दूर पाठवण्यास कोणत्या आईचे काळीज धजावेल?

दरम्यान प्रशिक्षणाचे क्षेत्र विस्तारत होते. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी १९४३ साली डेहराडूनला सेंट डन्स्टन्स वसतिगृह निघाले. त्यातूनच १९५० साली प्रौढ अंधांचे प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. त्याच युद्धकाळात अमेरिकेत रिचर्ड हूव्हर यांनी लांब काठीने चालण्याची पद्धत बसवली. डावे पाऊल पुढे पडताना काठीचे टोक उजवीकडे टेकते, उजवे पडताना डावीकडे. म्हणजे पुढच्या पावलाची जागा काठी आधीच चाचपून ठेवते. १९५१ साली भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल ठरली आणि १९५२ साली मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड स्थापन झाली. खुर्च्यांचे वेत विणणे, टेलिफोन चालवणे, पुढे बोलणारा संगणक वापरणे, अशा अनेक वाटा अंधांसाठी खुल्या झाल्या.

या वाटेने केवढा पल्ला गाठता येतो, हे उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांनी दाखवून दिले. वयाच्या सहाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. मिस मिलार्ड यांनी सुरू केलेल्या त्याच दादरच्या शाळेत त्या शिकल्या. नंतर त्या मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात आल्या. जेझुइट धर्मगुरूंच्या या महाविद्यालयात २००३ सालापासून दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र केंद्र आहे. २०१६ साली त्या केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत ७७३ व्या आल्या. पण दृष्टीचे कारण दाखवून रेल्वे सेवेतील नेमणूक नाकारली गेली. त्या खचल्या नाहीत. पुढच्याच वर्षी १२४ वा क्रमांक मिळवून त्या आयएएस झाल्या आणि २०१९ साली त्यांनी तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारीपदाची सूत्रे घेतली.

मुंबई-पुण्याचे ते अंतर आता कायद्यानेही कमी केले आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने सरकारी नोकऱ्यांत अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी एक टक्का जागा राखल्या. २०१६ च्या कायद्याने ६ ते १८ वयाच्या अपंग मुलास जवळच्या शाळेत, किंवा त्याच्या इच्छेप्रमाणे विशेष शाळेत, मोफत शिकण्याचा हक्क दिला. कंधार वा औशाच्या मुलीला आता दादर गाठलेच पाहिजे असे नाही.

परंतु कायदा ओसरीपर्यंत येऊन मुलाला उठवीत नाही. ते काम घरच्यांचे आणि आपल्या धर्मग्रामांचे आहे. अंध मुलाला आपले ताट आपण वाढून घेऊ द्यावे, विहिरीची आणि चर्चची वाट पावलांनी ओळखू द्यावी. ठेच लागेल, लागू द्यावी. त्याचा हात धरून त्याला शाळेच्या दारापर्यंत अवश्य न्यावे. मग मात्र तो हात सोडून त्यात त्याची काठी द्यावी.