अतिनील प्रतिमांकन : शेजारच्या दीर्घिकांतील तरुण तारे

दीर्घिकेत नवे तारे नेमके कुठे जन्मत आहेत, हे अतिनील प्रकाशातील छायाचित्रांवरून ओळखण्याची पद्धत. सूर्याच्या दहापट किंवा त्याहून जड ताऱ्यांच्या पृष्ठभागाचे तापमान २०,००० केल्व्हिनच्या पुढे असते आणि त्यांचा बराचसा प्रकाश अतिनील पट्ट्यात पडतो. असे तारे अल्पायुषी. त्यामुळे अतिनील उजेड ठळक दिसला, की तिथली तारानिर्मिती गेल्या सुमारे १० कोटी वर्षांतली समजावी. हा प्रकाश वातावरणात अडतो, म्हणून दुर्बीण अवकाशातच हवी.

अमेरिकेच्या ‘गॅलेक्स’ दुर्बिणीने (२००३–२०१३) दीड कोटी प्रकाशवर्षांवरच्या एम ८३ दीर्घिकेत चकित करणारे दृश्य टिपले. दृश्य प्रकाशात तबकडी जिथे संपल्यासारखी वाटते, त्याच्या कितीतरी पलीकडे तरुण ताऱ्यांचे पुंजके विखुरलेले होते. इतक्या विरळ वायूत तारे क्वचितच घडतील, हा समज त्याने डळमळला.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी झेपावलेल्या ‘अॅस्ट्रोसॅट’ या भारतीय उपग्रहावरील यूव्हीआयटी दुर्बिणीच्या उभारणीत बेंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था, इस्रो, कॅनडा आणि पुण्याची ‘आयुका’ यांचा वाटा आहे. तिची विभेदनक्षमता सुमारे १.५ आर्कसेकंद, म्हणजे गॅलेक्सच्या जवळपास तिप्पट. उपग्रह किंचित डुलत राहतो. म्हणून सेकंदाला सुमारे २९ चौकटी टिपून, ताऱ्यांची घसरण मोजून त्या एकमेकींवर बसवतात. काम किचकट, पण गॅलेक्सला एकच वाटणारा ठिपका त्यामुळे अनेक पुंजक्यांत सुटा होतो.

धूळ मात्र अतिनील प्रकाश गिळते आणि अवरक्तात परत सोडते. म्हणून तारानिर्मितीचा वेग काढताना अवरक्त निरीक्षणांची जोड द्यावी लागते.