तिकीट आणि पास

रेल्वेचे तिकीट म्हणजे उतारू आणि रेल्वे यांच्यातील एक लहानसा करार होय. कोठून कोठवर जायचे, कोणत्या वर्गाने जायचे आणि त्याबद्दल भाडे किती द्यायचे, एवढेच त्यात ठरलेले असते. पास हा त्याहून निराळा करार. तिकीट अंतर विकते. पास अवधी विकतो. युरोपात हिंडताना या दोहोंपैकी काय घ्यावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ प्रवाशाच्या जमाखर्चाचा वाटतो. वस्तुतः त्याच्यामागे पावणेदोनशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे; आणि आयत्या वेळी बेत बदलण्याच्या मुभेची किंमत कोणी मोजायची, हा त्या इतिहासातील खरा वाद आहे.

आगगाड्या सुरू झाल्या तेव्हा घोडागाडीच्या प्रथेप्रमाणे कारकून उतारूसाठी हाताने चिठ्ठी लिहून देत असे. इंग्लंडातील न्यूकॅसल–कार्लाइल रेल्वेवर नोकरी करणाऱ्या टॉमस एडमंडसन याला ही पद्धत खटकली. हा मूळचा लाकडी सामान घडविणारा कारागीर. धंद्यात दिवाळे निघाले म्हणून रेल्वेत आलेला. त्याने पुठ्ठ्याचे, आधीच छापलेले आणि अनुक्रमांक घातलेले तिकीट तयार केले. १८३९ मध्ये मँचेस्टर–लीड्स रेल्वेने ते स्वीकारले आणि पुढे ते जगभर पसरले. भारतातील कित्येक पिढ्यांनी खिशात जपले ते पुठ्ठ्याचे तिकीट याच वंशातले. १८४२ मध्ये लंडनला रेल्वे क्लिअरिंग हाऊसची स्थापना झाली, आणि एकाच तिकिटावर अनेक कंपन्यांच्या मार्गांवरून झालेल्या प्रवासाचे पैसे आपसांत वाटून घेण्याची व्यवस्था लागली.

हे जुने तिकीट मोठे उदार होते. भाडे मुख्यतः अंतरावर ठरे. त्यामुळे महिनाभर आधी बेत आखणारा आणि धावतपळत फलाटावर येणारा, या दोघांनाही तोच दर पडे. सकाळची गाडी चुकली तर बहुधा दुपारच्या गाडीने जाता येई. म्हणजे स्वातंत्र्य तिकिटातच होते. पास आला तो स्वातंत्र्यासाठी नव्हे, तर वारंवार हिंडणाऱ्याचा खर्च आटोक्यात यावा म्हणून. स्वित्झर्लंडने १८९१ मध्ये अर्ध्या भाड्याचे कार्ड काढले आणि १८९८ मध्ये, एकदा पैसे भरले की मनसोक्त हिंडावे, असा सर्वसाधारण पास सुरू केला. हे दोन्ही प्रकार त्या देशात आजही चालू आहेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर मोटार आणि विमान हे रेल्वेचे प्रतिस्पर्धी झाले. तेव्हा १९५९ मध्ये तेरा देशांच्या रेल्वेसंस्थांनी एकत्र येऊन ‘युरेल’ पास काढला. तो युरोपाबाहेरील प्रवाशांसाठी होता, आणि प्रारंभी केवळ पहिल्या वर्गाचा होता. पुढे आंतरराष्ट्रीय रेल्वे संघाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त १९७२ मध्ये ‘इंटररेल’ पास निघाला. एकवीस वर्षांपर्यंतच्या युरोपीय तरुणांना तो एकवीस देशांत महिनाभर चाले. योजना त्या एका वर्षापुरतीच होती. पण तरुणांनी ती इतकी उचलून धरली की ती बंद करणे शक्य झाले नाही. तीस वर्षांपूर्वी जे देश परस्परांशी लढले, त्यांच्या सीमा पाठीवर पिशवी टाकलेली मुले एका पासावर ओलांडू लागली. १९९८ मध्ये तिची वयोमर्यादाही उठली.

मात्र याच काळात तिकिटाचे रूप पालटत होते. १९८१ मध्ये पॅरिस–लिआँ मार्गावर फ्रान्सची अतिवेगवान गाडी धावू लागली. तिच्यात जागा राखून ठेवणे सक्तीचे होते. मग विमान कंपन्यांची रीत रेल्वेत शिरली : आधी घेईल त्याला स्वस्त, आयत्या वेळी येईल त्याला महाग, आणि स्वस्त तिकीट त्या एकाच गाडीशी बांधलेले. डिसेंबर २००२ मध्ये जर्मन रेल्वेने हा मार्ग धरून अर्ध्या भाड्याचे कार्ड रद्द केले, तेव्हा जनतेत असंतोष उसळला आणि २००३ च्या ऑगस्टमध्ये ते कार्ड परत आणावे लागले. हवी ती गाडी पकडण्याचा हक्क सोडण्यास लोक सहजासहजी तयार नव्हते.

अशा रीतीने भूमिकांची अदलाबदल झाली. जे स्वातंत्र्य एकेकाळी साध्या तिकिटात होते, ते आता पास विकू लागला. म्हणून आजच्या प्रवाशाने केवळ भाड्यांची बेरीज करून भागत नाही. ज्याचे दिवस आणि मुक्काम निश्चित आहेत, थोड्याच शहरांना जायचे आहे, त्याला लवकर घेतलेली सुटी तिकिटे बहुधा स्वस्त पडतात. ज्याला पाऊस पाहून मुक्काम हलवायचा आहे, लांबचे टप्पे पुष्कळ करायचे आहेत, त्याला पास सोयीचा. त्यातही देशभेद आहे. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड येथील बहुतेक अंतर्गत गाड्यांत पासधारकाला सरळ जाऊन बसता येते. फ्रान्स, स्पेन, इटली येथील वेगवान गाड्यांत मात्र आरक्षणाचे निराळे शुल्क भरावे लागते. तेथे पास हाती असूनही मोकळीक निम्मीच उरते.

तथापि ही जुनी कल्पना मावळलेली नाही. २०१८ पासून युरोपीय संघ अठरा वर्षांच्या काही तरुणांना प्रवासाचा पास विनामूल्य देऊ लागला. ऑस्ट्रियाने २०२१ मध्ये देशभर चालणारा वार्षिक पास काढला, आणि २०२३ मध्ये जर्मनीने स्थानिक व प्रादेशिक गाड्यांसाठी ४९ युरोंचा मासिक पास सुरू केला. त्याचे मूल्य पुढे वाढले. आगगाडी रिकामी राहू नये, ही रेल्वेची चिंता. आणि मन बदलले तरी वाट बंद होऊ नये, ही उतारूची इच्छा. या दोहोंचा मेळ एडमंडसनच्या पुठ्ठ्याच्या तुकड्याने एकेकाळी सहज घातला होता. युरोपच्या रेल्वे तोच मेळ आज नव्याने शोधीत आहेत.